लहू तांडेलचा शेरा

आधीच सांगतो, मला लहूबद्दल वाईट वाटतं म्हणून रडगाणं गायला मी बसलेलो नाही. वाईट वाटायचं ते त्याच वेळी वाटायला हवं होतं, आणि त्या वेळी मला भीती वाटत होती. माणसाला एका वेळी एकच काहीतरी वाटतं. निदान मला तरी.

मी विद्याधर नाडकर्णी. अंधेरीच्या एका सरकारी मोजणी कचेरीत हेडक्लार्क. कचेरीचं पूर्ण नाव कळून तुम्हाला काय करायचंय? बाहेर व्हरांड्यात मोजणीच्या साखळ्यांचा ढीग, आत कपाटं, कपाटांत नकाशे आणि नकाशांना वाळवी. मला सगळे तोंडावर भाऊ म्हणत आणि पाठीमागे डिक्शनरी. मला त्या दुसऱ्या नावाचाच जास्त अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

इंग्रजी शब्दांचं मला वेड. नुसत्या अर्थाचं नव्हे, अर्थ काय कोणीही पाठ करतो. शब्द आला कुठून, त्याचे आईबाप कोण, घराणं कुठलं, हे बघायचं. घरी एक जाडजूड जुना कोश होता, एका गोऱ्या इंजिनिअरने विलायतेला परतताना टाकून दिलेला. रविवारी दुपारी तो मांडीवर घेऊन बसलो की आमची रत्नप्रभा म्हणायची, माझ्याशी कशाला लग्न केलंत, त्याच्याशीच लावायचं होतं. त्यातही मला नकाराचे शब्द फार आवडायचे. आपल्याकडे शब्दाच्या तोंडाशी 'अ' बसवला की झालं, सभ्यचा असभ्य, योग्यचा अयोग्य. तिकडे 'इन्' बसवतात. पुढचं अक्षर बघून ते कधी 'इम्' होतं, कधी 'इल्', कधी 'इर्'. आपला 'अ' आणि त्यांचा 'इन्' मुळात एकाच आईची लेकरं, हे मी कचेरीत नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकायचो. ऐकणारे जांभया द्यायचे. गाढवाला गुळाची चव काय, म्हणून मी सोडून द्यायचो.

पण मार्च आला की हीच माणसं मला वचकून असत. मार्चमध्ये साहेब प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहीत. त्यात शेवटी शेऱ्याचा एक रकाना, दोन बोटं रुंद. त्यात लांबण लावायला जागाच नाही, नेमका एक शब्द हवा. आमचे साहेब लोक मोजणीत हुशार, इंग्रजीत बेताचे. मग दार लोटून मला आत बोलावून विचारायचे, "नाडकर्णी, एक शब्द द्या." माणूस कोण, त्याने काय केलं, एवढं ऐकलं की मी शब्द द्यायचो. कासार हात बघून बांगडी काढतो ना, तसा. दरवर्षी एकदोघांची वाट माझ्या शब्दांनी लागली असेल. त्यांना कधी कळलं नाही आणि मलाही ते कधी जड गेलं नाही. शब्द बरोबर बसला याचाच आनंद असायचा.

तर लहू. लहू भिकाजी तांडेल. पंचावन्न साली आमच्याकडे टेम्पररी क्लार्क म्हणून लागला. वेसाव्याच्या खाडीकाठी एक लहानसा कोळीवाडा आहे, तिथला. वय तेवीस, अंगाने काटकुळा, केसांना तेल इतकं की कागदाला डाग पडतील. बाप भिकाजी लहानपणीच गेला. कोळी म्हटला की तुम्हाला लगेच वादळ आणि बुडालेली होडी आठवणार. तसलं काही नाही, काविळीने गेला, अंथरुणात. आई सोनूबाई. ती बोंबील वाळवून विकायची आणि त्यावर हा एकुलता एक मुलगा वाढवला.

लहूची खरी गंमत वेगळीच होती. त्याला होडी लागायची. कोळ्याच्या पोटी जन्मलेला, आणि होडी खाडीच्या तोंडाशी पोचली की हा ओकायला सुरुवात. चार वेळा नेलं, चारही वेळा अर्धमेला होऊन आला. तांडेल आडनाव म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि हा पाण्याकडे पाठ करून बसणारा. कोळीवाड्यात त्याची इतकी टवाळी व्हायची की पोरीसुद्धा त्याला बघून ओकारीचा आवाज काढायच्या. त्याच्या आईने मग हट्टाने त्याला शाळेत ठेवला. पोरगा एस.एस.सी. झाला, वाड्यातला पहिलाच. सरकारी कचेरीत लागला तेव्हा टवाळी करणारे तेच लोक त्याला 'क्लार्कसाहेब' म्हणू लागले. सोनूबाईने म्हणे वाड्यात घरोघरी पेढे वाटले. तेव्हा लहूचं सगळं त्या नोकरीवर होतं. वर्षभर टेम्पररी, मार्चचा अहवाल नीट गेला की कायम. नाही गेला तर घरी. आणि घरी म्हणजे कुठे? ज्याला होडीत बसता येत नाही त्याला कोळीवाड्यात कोण विचारतो?

मला तो आवडायचा. आश्चर्य वाटलं ना? माझी ती इन्-इम्-इल्ची कथा ऐकून जांभई न देणारा हा एकच निघाला. त्याने एक वही केली. दुपारी डबा खाऊन झाला की यायचा, "भाऊ, आजचा शब्द?" मी सांगायचो, तो लिहून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी पाठ म्हणून दाखवायचा. उच्चार भयंकर. पण हौस दांडगी. बारा वर्षं मी त्या कचेरीत भिंतींना व्याख्यानं देत होतो, आणि आता एक माणूस वही घेऊन समोर बसला होता. मी फुगलो नसतो तर नवल.

आता तो दिवस. छप्पन सालचा जानेवारी. खाडीजवळची एक जमीन सरकार ताब्यात घेऊन एका गृहनिर्माण सोसायटीला देणार होतं. शहरातली नोकरदार माणसं, वकील, प्रोफेसर, अशांची सोसायटी. आमचे साहेब श्यामकांत गुप्ते हद्द आखून द्यायला गेले. बरोबर सोसायटीचे चार प्रतिष्ठित, साखळी धरायला दोन माणसं, कागद सांभाळायला लहू. मी कचेरीतच होतो.

साहेबांनी नकाशा उघडला आणि खुंट्या ठोकायला सांगितलं. खुंट्या पडू लागल्या त्या कोळ्यांच्या वाळवणाच्या जागेत. तिथे बांबूच्या वलांडी उभ्या होत्या, त्यांवर बोंबील टांगलेले. खाली जवळा पसरलेला आणि राखणीला बायका. बायका ओरडायला लागल्या. साहेबांनी लक्ष दिलं नाही, ते नकाशावर बोट ठेवून उभे. तेव्हा लहू पुढे झाला. त्याने काय करावं? साहेबांच्या हातातल्या नकाशावर, साहेबांच्या बोटाशेजारी, स्वतःचं बोट ठेवलं. आणि सोसायटीच्या लोकांदेखत म्हणाला, "साहेब, सर्व्हे नंबर चुकलाय. ही छत्तीस आहे, वाळवणाची. घ्यायची ती पलीकडची सदतीस. खाजण."

बस्स. एवढंच बोलला. आवाज चढवला नाही की हात उगारला नाही. पण तो कसा उभा होता हे साखळीवाल्यांनी मला नंतर रंगवून सांगितलं. साहेबांच्या बरोबरीने, खांद्याला खांदा लावून. टेम्पररी क्लार्क अधिकाऱ्याच्या नकाशाला बोट लावतो, आणि तेही लोकांसमोर, हे आमच्या खात्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. सोसायटीचे वकील हसले. गुप्ते साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी नकाशा मिटला, खुंट्या आहेत तिथेच ठेवायला सांगितल्या आणि लहूचं बोलणं पंचनाम्यात टिपून घेतलं. टिपून घ्यावंच लागलं, चार लोकांनी ऐकलं होतं ना.

आणि आता माझं सांगतो. लहू बरोबर होता. घ्यायची जमीन सदतीसच होती. मुंबईहून आलेल्या हुकुमात सदतीस होतं. त्या हुकुमावरून नोटिशीचं टाचण मी केलं होतं आणि त्या टाचणात मी छत्तीस लिहिलं. का लिहिलं? देवाला ठाऊक. समोर कोश उघडा असेल. पुढे नोटीस, नकाशावरची लाल रेघ, सगळं माझ्या टाचणावरून झालं. साखळीवाल्यांकडून ऐकलं तसा मी कपाटाशी जाऊन मूळ हुकूम बघितला. सदतीसच. मी तो हुकूम परत दोरीने बांधला आणि ते बाड सगळ्यांत खालच्या खणात टाकलं. सदतीस नंबरात भरतीला गुडघाभर पाणी येतं, त्यामुळे सोसायटीवाले छत्तीसवर बेहद्द खूश होते. साहेबांना तर चूक झाली हे ऐकायचंच नव्हतं. म्हणजे बोलणारा एकटा लहू. तो गप्प झाला असता तर सगळ्यांचं भलं होतं.

मार्चमध्ये साहेबांनी दार लोटून मला आत बोलावलं. म्हणाले, त्या तांडेलला कायम करायचा नाही. शब्द द्या.

मी पहिल्यांदा 'डिसओबीडिअंट' सुचवला. साहेब म्हणाले, हुकूम कुठला मोडला? अपील केलं तर टिकणार नाही. मग मी 'इम्पर्टिनंट' म्हणून बघितला. पण त्याचं मूळ आहे 'ज्याचा संबंध नाही असं बोलणारा', आणि लहूच्या बोलण्याचा तर नको इतका संबंध होता. कोणी कोशात बघितलं तर फसायचं. मग मला तो सापडला. इन्सोलन्ट. अर्थ उद्धट, उर्मट. सिद्ध करायला पुरावा लागत नाही, माणूस कसा उभा राहिला एवढंच पुरतं. आणि मूळ काय सुंदर आहे म्हणता! लॅटिनमध्ये 'सोलेरे' म्हणजे सवय असणं, रीत असणं. त्याला 'इन्' लागला. ज्याची सवय नाही, जे रिवाजात बसत नाही, तसं वागणारा. रोमन लोकांत कोणी आपल्या पायरीची सवय मोडून वागला की तो इन्सोलन्ट. पुढे त्या रीत मोडण्याचाच उद्धटपणा झाला. म्हणजे लहूने जे केलं होतं ते अक्षरशः, मुळासकट! मी साहेबांना हे सगळं सांगितलं. त्यांना मुळाशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी स्पेलिंग विचारलं आणि लिहिलं.

खरं सांगतो, त्या वेळी माझ्या मनात लहू नव्हताच. शब्द इतका चपखल बसला होता की मी खुशीत बाहेर आलो. बाहेर लहू डबा खाऊन वही घेऊन उभा होता. मी त्याला म्हटलं, आज शब्द नाही, काम आहे.

खात्याचा एक नियम होता. वाईट शेरा दिला तर तो माणसाला लेखी कळवायचा आणि पंधरा दिवसांत खुलासा मागायचा. माणसाने शेरा नाकारला तर वरून चौकशी, सगळे मूळ कागद बाहेर. सगळे म्हणजे खालच्या खणातलं ते बाडसुद्धा. तेवढ्यासाठी मी दोन रात्री नीट झोपलो नव्हतो. लहूला कागद मिळाला आणि तो सरळ माझ्याकडे आला. दुसऱ्या कोणाकडे जाणार? त्याने शाळेतल्या छोट्या डिक्शनरीत अर्थ बघितला होता. डोळे सुजलेले. म्हणाला, "भाऊ, मी साहेबांशी उद्धट कधी बोललो? नंबर चुकला होता तो सांगितला. मी नाही म्हणून लिहू का?"

हा क्षण. इथे मी 'लिही' म्हटलं असतं तर पोरगा वाचला असता. एकच शब्द, तोही मराठी. माझी चूक बाहेर आली असती, माझ्या अहवालात कोणीतरी काहीतरी लिहिलं असतं, बढती गेली असती. नोकरी काही जाणार नव्हती. बढतीपुरतंच होतं हो सगळं. पण तेव्हा मला ते डोंगराएवढं वाटलं. मी म्हटलं, वेडा आहेस का, साहेबाच्या शब्दाला नाही म्हणतात का कधी? माफी माग. लेखी. वरिष्ठ आहेत, मोठ्या मनाने सोडून देतील.

आणि हे त्याला पटलं, कारण हे आपल्याकडे सगळ्यांनाच पटतं. आपण लहानपणापासून हेच शिकतो ना? चूक कोणाची का असेना, धाकट्याने पाया पडायचं, मोठा पाठीवर हात ठेवतो, झालं गेलं गंगेला मिळालं. कोळीवाड्यात तर दोघे भांडले की धाकट्याने पाटलासमोर कान धरायचा आणि प्रकरण तिथेच संपायचं, असं लहूनेच मला सांगितलं होतं. पण सरकारी फाइलीला पाठीवर ठेवायला हात नसतो. तिच्यात माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूल केला. ही गोष्ट मला बारा वर्षांच्या नोकरीने माहीत होती आणि लहूला नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. सोनूबाई कचेरीच्या पायरीवर बसली, आत यायला तयार नाही. म्हणे अंगाला वास येतो. मी बाहेर गेलो. ती माझ्या पायांकडे बघत बोलत होती. "भाऊ, तो होडीन बसाचा नाय, त्याला उलट्या होतान. ही नोकरी गेली त माजा पोऱ्या कुटं जावाचा? तुमी सांगाल तसा लिवील तो." मी म्हटलं, काळजी करू नका, मीच सांगतो आणि तो लिहील.

मी सांगत गेलो, लहू लिहीत गेला. इंग्रजीत. अक्षर बाकी त्याचं मोत्यासारखं होतं. दोन ठिकाणी अडला. पहिल्या ठिकाणी मी सांगितलं, लिही, मी इन्सोलन्ट वागलो हे मला मान्य आहे. त्याने पेन उचललं. तेव्हा मी त्याला मूळ सांगितलं. सोलेरे, सवय, इन्. म्हटलं, अरे, त्याचा खरा अर्थ एवढाच, की तुला अजून या कचेरीच्या रीतीची सवय नाही. नवा आहेस, खोटं आहे का? त्याचा चेहरा उजळला. एवढ्या सगळ्यात तो पोरगा एक क्षण हसला आणि म्हणाला, मग तर बरोबरच लिहिलंय साहेबांनी. आणि त्याने लिहिलं.

दुसऱ्या ठिकाणी मी सांगितलं, लिही, हद्दीबद्दल मी जे बोललो ते माहिती नसताना बोललो, नकाशा बरोबर आहे. इथे त्याने पेन खाली ठेवलं. बाहेर पायरीवर आई बसलेली. म्हणाला, "पण भाऊ, जागा वाळवणाचीच आहे. माझी आई तिथेच बोंबील टांगते."

"जागा कुठे पळून जाते?" मी म्हटलं. "पळून जाते ती नोकरी."

त्याने सही केली. मग बाहेर जाऊन आईला सांगितलं, झालं. तिने दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला. मी आत येऊन कागदाला आवक नंबर घातला.

एकतीस मार्चला लहूला घरी पाठवलं. कारण म्हणून त्याच्याच कबुलीचा हवाला. हुकूम टाइप करायला मीच दिला. तो माझ्या टेबलाशी आला, काही विचारणार होता. मी आधीच सांगून टाकलं, गडबड करू नकोस, साहेब तापट आहेत पण मनाने चांगले, पुढची जागा निघाली की तुझंच नाव घालतो, तोवर कोणाशी काही बोलू नकोस. त्यावर त्याने मान डोलावली. वही त्याच्या पिशवीत होती, ती घेऊन गेला.

मे महिन्यात छत्तीस नंबरावरच्या हरकतींची सुनावणी लागली. कोळीवाडा लोटला होता. पुरुष व्हरांड्यात, बायका खाली झाडाखाली. सोनूबाई मात्र या वेळी आत आली, वास-बिस विसरून. लहू तिच्या मागे उभा होता. पाटलाने सांगितलं की आमचे आजे-पणजे इथे मासळी वाळवत आले. गुप्ते साहेबांनी कागद मागितला. कागद कुठला असणार? मग पाटील म्हणाला, कागद नसला तरी तुमच्याच कचेरीतला माणूस त्या दिवशी बोलला की नंबर चुकलाय, पंचनाम्यात आहे, बघा. आणि सगळ्या वाड्याने वळून लहूकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे कोणी तसं बघितलं नसेल. म्हाताऱ्या बायका त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

साहेबांनी फाइलीतून तो माफीनामा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. "नाडकर्णी, मराठीत वाचून दाखवा."

मी उभा राहिलो. कागद मी सांगितलेला, डोळे मिटून म्हणता आला असता. हद्दीबद्दल बोललो ते माहिती नसताना बोललो, नकाशा बरोबर आहे, हे मी आधी वाचलं. व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. मग ते वाक्य आलं. तिथे मला काय म्हणता आलं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मला सवय नव्हती, मी नवखा होतो, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. नोकरी परत आली नसती, जागाही वाचली नसती, पण आईसमोर पोराचं तोंड राहिलं असतं. लहू माझ्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं मी तेच म्हणणार. साहेबही माझ्याकडे बघत होते.

मी वाचलं, "मी साहेबांशी उद्धटपणाने वागलो, हे मला मान्य आहे."

सोनूबाई पुढे आली. तिने मला विचारलं, "भाऊ, हा लिवलाय त्याने?" मी हो म्हटलं. तिने लहूला विचारलं, "तुजी सही हाय ही?"

लहूने एकदा माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघत होतो. गप्प राहा, पुढची जागा निघाली की तुझंच नाव, हे त्याच्या डोक्यात असणार. तो म्हणाला, "हाय, आये."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. भरल्या कचेरीत, चोवीस वर्षांच्या पोराच्या. मग साहेबांकडे वळून ती वाकली, डोकं टेबलाला लागेपर्यंत. "साहेब, आमची चूक झाली. पोऱ्याला शिकवला, पन वलन नाय लावला." आणि मलाही नमस्कार केला.

हरकत फेटाळली. जूनच्या आत वलांडी उपटल्या आणि कुंपण पडलं. आता तिथे त्या सोसायटीचे दोन मजली बंगले आहेत, पुढे बाग, गच्चीवर वकिलांची धुणी. मी तिथे जागा घेतली नाही. ऐपत नव्हती, नाहीतर घेतली असती. सदतीस नंबर अजून मोकळाच पडलाय. माझी बढती पुढच्या वर्षी झाली. रत्नप्रभाला मी एकदा हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे मला सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं. त्यानंतर तिने त्या कोशावरची धूळ पुसली नाही.

वाड्यात लोक धरून चालले की लहूने नोकरीसाठी जागा विकली, आणि नोकरीही राखता आली नाही गाढवाला. त्याला कोणी मारलं नाही की वाळीत टाकलं नाही. फक्त बोलेनासे झाले. तो पडवीत म्हाताऱ्यांच्या रांगेत बसून दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करतो. लग्न जमलं होतं, मोडलं. मी दोनदा त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा बघितलं. मला बघून तो उभा राहिला. दोन्ही वेळा विचारलं, "भाऊ, जागा निघाली का?" मी म्हटलं, अजून नाही.

आणि सोनूबाई? आता तिला बोंबील वाळवायला जागा नाही, ती दुसऱ्यांच्या टोपल्या वाहते. पण वाड्यात कोणाला सरकारी कागद आला, कराचा, शाळेचा, कुठलाही इंग्रजी कागद, की लोक तो लहूकडे नेत नाहीत. त्याच्या पडवीवरून पुढे जातात आणि अंधेरीला माझ्याकडे येतात. सोनूबाईच पाठवते. सांगते, नाडकर्णी भाऊंकडे जा, लिवलाय तसा वाचतान, पोटात ठेवत नाय. ते येतात, पायरीवर चपला काढतात, दोन्ही हातांनी कागद पुढे करतात. मी चष्मा लावतो आणि त्यांना वाचून दाखवतो.